आधी काम लिहून घेतात

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. शिफ्टमधली जेवणाची सुट्टी होती.

"मामा, मले केटी द्यायला लावून राहिले."

"कोणाले?"

"मनिलाच्या टीमले. तीन महिने दिले."

केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आपण करतो ते काम दुसऱ्याला शिकवायचं आणि त्याच्या हवाली करायचं. कंपनीच्या मेलमध्ये हा शब्द मोठा सात्त्विक दिसतो, जणू विद्यादान चाललंय. पण बीपीओत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या ऑफिसात, चार वर्षं काढलेल्या कोणालाही विचारा. केटी घेणारा कोण आणि देणारा कोण एवढं कळलं की पुढच्या सहा महिन्यांत कोणाच्या घरी काय होणार ते तो बरोबर सांगेल.

भाच्याने हीच केटी २०१६ मध्ये घेतली होती. देणाऱ्या बाई अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या. एका कारखान्याच्या पुरवठादारांची बिलं तपासून पास करायचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. ते काम नागपूरला आलं, आमच्याकडे पेढे वाटले. त्या बाईंचं पुढे काय झालं, हे आमच्या घरात कोणी विचारलं नाही. मीही नाही.

परदेशी आउटसोर्सिंगबद्दल आपण वाचतो ते बहुतेक एका टोकावर उभं राहून. अमेरिकेत नोकऱ्या गेल्याचं रडगाणं, इथे नोकऱ्या आल्याचे फटाके. नागपूरकराला मात्र दोन्ही टोकं घरात बसून दिसतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी शब्दांचा गोंधळ निस्तरू. उन्हाळ्यात पापड-कुरड्या घरी न घालता बचतगटाला सांगितल्या, तर ते आउटसोर्सिंग: काम घराबाहेर गेलं, गावाबाहेर नाही. तेच पापड कोणी व्हिएतनाममधून करून मागवले तर ते ऑफशोरिंग. एखादी अमेरिकन बँक हैदराबादेत स्वतःचंच ऑफिस थाटून माणसं ठेवते तेव्हा काम देशाबाहेर जातं, पण कंपनीबाहेर जात नाही. अशा ऑफिसांना हल्ली जीसीसी म्हणतात, ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर. भारतात ती १,७०० हून जास्त आहेत. भाच्याचं काम दोन्ही उंबरे ओलांडून आलं होतं. कारखान्याने ते दुसऱ्या कंपनीला दिलं आणि त्या कंपनीने ते नागपूरला आणून ठेवलं.

का आणलं? "स्वस्त पडतं" हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. समजा ओहायोत त्या कामाला वर्षाला ४५,००० डॉलर पगार आहे आणि नागपुरात साडेचार लाख रुपये. डॉलरला ८५ रुपये धरले तर साडेचार लाखांचे साधारण ५,३०० डॉलर होतात. म्हणजे तिकडच्या एका पगारात इकडची आठ माणसं. गंमत अशी की नागपूरच्या पोराला त्या साडेचार लाखांत आपण फुकट राबतोय असं वाटत नाही, कारण मानेवाड्यातलं घरभाडं, कामवालीचा पगार, तर्री-पोह्यांची प्लेट, यातलं काहीच ओहायोच्या भावाने नसतं. दोघांचा पोटाचा हिशोब आपापल्या गावच्या भावाने असतो, मालक मात्र दोघांना एकाच डॉलरने मोजतो.

एवढी तफावत आहे तर मग सगळीच कामं का नाही गेली? कारण काम दूर गेलं की त्याचा एक वेगळा खर्च सुरू होतो. देखरेख करणारे मॅनेजर, चुकलेलं परत करणं, रात्रपाळीची गाडी, आणि नागपूर-ओहायो घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर. तिकडे कोणी सकाळी नऊला प्रश्न विचारतो, तेव्हा इकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात. हा वरखर्च पगारातल्या फरकाला गिळून टाकत नसेल, तरच काम हलतं. नव्वदच्या दशकात समुद्राखालून फायबरच्या केबल पडल्या, १९९१ नंतर आपण दारं उघडली, संगणकांना २००० साल नीट वाचता यावं म्हणून करायच्या वायटूके दुरुस्तीसाठी तिकडे एकदम ढिगाने प्रोग्रामर लागले, आणि हा वरखर्च धाडकन खाली आला.

आता कळीचा प्रश्न: कोणाचं काम जातं? आपल्याकडे सरसकट समज असा की शिकलेला सुरक्षित, न शिकलेला धोक्यात. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ ॲलन ब्लाइंडर, जे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे उपाध्यक्षही होते, त्यांनी २००६ च्या सुमारास हा समज उलटा करून दाखवला. त्यांची कसोटी सोपी होती: काम इंटरनेटच्या तारेवरून पाठवलं तर त्याचा दर्जा घसरतो का? न्हाव्याचं काम तारेवरून जात नाही, नर्सचं जात नाही, नळ दुरुस्त करणाऱ्याचं जात नाही. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरचं जाऊ शकतं. अमेरिकेतल्या २२ ते २९ टक्के नोकऱ्या या कसोटीवर बाहेर जाण्याजोग्या आहेत, असा त्यांचा अंदाज होता. जाण्याजोग्या म्हणजे जाणारच असं नव्हे. हा फरक तेव्हाच्या कित्येक मथळ्यांनी गिळला. आणि ब्लाइंडर काही व्यापाराचे विरोधक नव्हते, उलट खुल्या व्यापाराचे समर्थक. म्हणूनच त्यांच्या बोलण्याने खळबळ उडाली.

त्या कसोटीत मला एक भर घालावीशी वाटते, ती ताईकडे बघून. ताई म्हणजे भाच्याची आई, माझी मावसबहीण. २००१ मध्ये तिने मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा क्लास केला आणि अकरा वर्षं ते काम केलं. अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासून झाला की फोनवर किंवा रेकॉर्डरवर बोलून ठेवायचा. ती फाइल रात्रीतून इकडे यायची. ताई कानाला हेडफोन लावून टाइप करायची, आणि पायाखाली शिलाई मशीनसारखं एक पेडल. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, मागे दाबलं की दोन सेकंद मागे. ६५ अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून, एक ओळ; पैसे ओळीवर.

कोणी जेवता जेवता बोलायचा, कोणाच्या मागे पोर रडत असायचं. एक डॉक्टर तर तेलुगू होता. दुसऱ्याच दिवशी तिने उच्चारावरून ओळखलं, नि त्याच्या फाइली सगळ्या मुली तिच्याकडे सरकवायला लागल्या. 'हायपर' आणि 'हायपो' यांत घोळ झाला तर तपासणारा अख्ख्या फाइलीचे पैसे कापायचा, आणि ते योग्यच, कारण एकात रक्तदाब वाढलेला असतो आणि दुसऱ्यात पडलेला. ताईला अजून झोपेतून उठवून विचारलं तरी ती पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचं इंग्रजी वर्णन एकही टाका न चुकता शिवल्यासारखं सांगते. एकाही अमेरिकन डॉक्टरला तिने कधी पाहिलं नाही.

हे काम किती हातांतून यायचं, ते करणाऱ्यालाही माहीत नसे. ऑक्टोबर २००३ मध्ये कराचीतल्या एका बाईने सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयाला ई-मेल केला: माझे थकलेले पैसे द्या, नाहीतर तुमच्या रुग्णांची माहिती इंटरनेटवर टाकीन. रुग्णालय चक्रावलं. त्यांनी काम दिलं होतं शेजारच्याच एका कंपनीला. तिने ते फ्लोरिडात दिलं, तिथून ते टेक्ससला गेलं, टेक्ससहून कराचीला. प्रत्येक जण मधला आपला वाटा काढून पुढे ढकलत होता आणि सगळ्यात कमी पैसे प्रत्यक्ष टाइप करणारीला. आपल्या बांधकामावरच्या ठेकेदार-पेटी ठेकेदार-मुकादम या उतरंडीला तारा जोडल्या की झालं.

मग ताईचं काम गेलं ते कुठल्या स्वस्त देशात? फारसं कुठेच नाही. आधी यंत्र ऐकून लिहायला लागलं आणि ताईकडे फक्त त्याच्या चुका काढायचं काम उरलं, जवळपास निम्म्या दराने. यंत्राच्या चुका काढायला स्वतः टाइप करण्याइतकाच वेळ लागतो, हे दर ठरवणाऱ्यांना कोण सांगणार? त्याच सुमारास, २००९ मध्ये, अमेरिकेने कायदा करून रुग्णालयांना संगणकीय नोंदींसाठी पैसे दिले, आणि डॉक्टर स्वतःच पडद्यावर टिकमार्क करायला लागले. २०१२ मध्ये ताईचं ऑफिस बंद झालं.

म्हणून माझी भर: तारेवरून जाणारं काम आधी लिहून निघावं लागतं. जोवर ते माणसाच्या डोक्यात आहे तोवर ते त्या माणसासोबतच राहतं. एकदा त्याची पायऱ्या-पायऱ्यांची यादी झाली, की ती यादी नागपूरला पाठवा, मनिलाला पाठवा, नाहीतर यंत्रात भरा. केटी म्हणजे ती यादी करणं, आणि ज्याचं काम जाणार, त्याच्याच हाताने.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण डिस्नेचं. ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑर्लँडोतल्या सुमारे अडीचशे तंत्रज्ञांना नोकरी जाणार असल्याचं सांगण्यात आलं, आणि त्यांतल्या अनेकांना पुढचे महिने आपल्या जागी आलेल्यांना काम शिकवण्यात घालवावे लागले. आलेले बरेचसे एच-१बी, म्हणजे परदेशी कुशल कामगारांसाठीच्या, व्हिसावरचे भारतीय होते. २०१५ मध्ये बातमी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण कंपनीवर काही शाबीत झालं नाही. आमच्याकडे ती बातमी वाचली तेव्हा "आपली पोरं पोचली बाप्पा तिकडे" एवढीच प्रतिक्रिया होती.

ज्याची नोकरी जाते त्याचं पुढे होतं काय? अर्थशास्त्रातलं सोयीचं उत्तर असं की तो दुसरी नोकरी शोधतो. शोधतोही. पण १९९३ मध्ये जेकबसन, ललॉन्ड आणि सलिव्हन या तिघांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कामगारांच्या पगाराच्या नोंदी वर्षानुवर्षं मागे जाऊन तपासल्या. सहा किंवा जास्त वर्षं एकाच ठिकाणी काम केलेली, कंपनी आक्रसल्यामुळे बाहेर पडलेली माणसं त्यांनी निवडली. नोकरी जाऊन पाच-सहा वर्षं झाली तरी त्यांची कमाई, एरवी झाली असती त्यापेक्षा, सुमारे २५ टक्क्यांनी कमीच होती. त्यातले बहुतेक तोवर पुन्हा कामाला लागलेले.

का बरं? ओहायोच्या बाईंकडे बघा. कुठला पुरवठादार एकच बिल दोनदा लावतो, कोणाचा जीएसटीसारखा कर नेहमी चुकतो, कोणाला फोन केला की काम होतं आणि कोणाला मेलच करावी लागते, हे त्यांना एकोणीस वर्षांत साठलं होतं. त्या कारखान्याला त्याची किंमत होती, म्हणून पगार चढत गेला. दुसऱ्या कारखान्याच्या दारात त्या ज्ञानाचं मोल शून्य. तिथे त्या पुन्हा नवख्या, फक्त वय पन्नास.

पेनसिल्व्हेनियातल्याच नोंदींवरून सलिव्हन आणि फॉन वाख्टर यांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, ती वाचून मी जरा वेळ गप्प बसलो होतो. दीर्घ नोकरी झालेल्या पुरुषांचा मृत्युदर नोकरी गेल्यानंतरच्या लगेचच्या काळात ५० ते १०० टक्के जास्त होता, आणि वीस वर्षांनीही तो पूर्ण खाली आला नव्हता. हे सगळे आउटसोर्सिंगचे बळी नव्हेत, काही यंत्रांचे, काही मंदीचे. शरीराला मात्र कारणाशी घेणं नसतं.

आणि नोकरी जाते ती एकेकट्याची नाही, गावाची. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला, त्यानंतर अमेरिकेतल्या फर्निचर, कापड, खेळणी बनवणाऱ्या गावांचं काय झालं यावर डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलं आहे. १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे तिथे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या, असा त्यांचा हिशोब. पुस्तकात लिहिलंय तसे लोक उठून कामाच्या गावी गेले असते तर घाव भरला असता. ते गेले नाहीत. घर विकायचं तर घेणाराही त्याच गावातला, त्याचीही नोकरी गेलेली. म्हातारी आई इथे, मुलांची शाळा इथे. कारखान्यामागोमाग चहाची टपरी जाते, मग किराणा, मग शाळेतली पटसंख्या.

नागपूरला हे नवं नाही. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला इथे एम्प्रेस मिल सुरू केली, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, म्हणून ते नाव. मुंबई सोडून ते इथे का आले? कापूस इथे, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे आलेली. म्हणजे आजच्या भाषेत काम स्वस्त ठिकाणी हलवलं. त्याआधीच विलायती कापडाने आपल्या कोष्टी विणकरांच्या मागांवर घाला घातलेला होता. १९८६ मध्ये मिल टाटांकडून सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. आज तिथे मॉल आहे. ताईचे सासरे त्याच मिलमध्ये कताई खात्यात होते. सासरे मिलमधले, सून ट्रान्सक्रिप्शनमध्ये, नातू बिलांच्या प्रोसेसमध्ये: गोष्ट जुळवून आणल्यासारखी वाटेल, पण नागपुरात अशी घरं पैशाला पासरी आहेत. मिल बंद झाली तेव्हा ताईचं पेडल रात्रभर चालायचं आणि सासरे बाहेरच्या खोलीत जागे असायचे. "कामावर जायची सवय मोडत नाही बाप्पा," म्हणायचे, आणि पहाटे डबा नसताना चौकापर्यंत जाऊन यायचे.

मग या सगळ्यातून फायदा कोणालाच नाही? आहे, आणि तो खरा आहे. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचं उदाहरण देऊन सांगितलं की प्रत्येक देशाने आपल्याला तुलनेने परवडतं ते करावं, बाकीचं घ्यावं. दोघांच्या ताटात जास्त पडेल. हे गणित अजून कोणी खोटं पाडलेलं नाही. फक्त ताट देशाचं असतं, आणि देशात वाढपी सगळ्यांना सारखं वाढत नाही. शर्ट पन्नास रुपयांनी स्वस्त झाला तर कोटभर लोकांना पन्नास-पन्नास रुपये मिळतात, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या पाचशे जणांचा कारखाना बंद झाला त्यांना तो दिवस तारखेनिशी आठवतो.

जिंकणाऱ्यांच्या लाभातून हरणाऱ्यांना काही द्यावं, हा विचार अमेरिकेने १९६२ मध्ये कायद्यात आणला: परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली तर प्रशिक्षण आणि जास्त काळ भत्ता. कल्पना चांगली. पण पुढे कितीतरी वर्षं प्रोग्रामरांचे अर्ज फेटाळले जात, कारण कायद्यात शब्द होता 'वस्तू', आणि सॉफ्टवेअर ही वस्तू नाही, असं खात्याचं म्हणणं. ते सुधारेपर्यंत कित्येकांची घरं गेली. जुलै २०२२ पासून तर त्या योजनेचं दार नव्या अर्जांना बंदच झालं.

आपल्याकडे? इथे भाच्याच्या प्रश्नाकडे यावं लागतं. दुसऱ्या आठवड्यात एचआरने त्याला बोलावून गोड बोलून सांगितलं की स्वतःहून राजीनामा दिलास तर रेकॉर्ड स्वच्छ राहील. यातला डाव सोपा आहे. कायद्याने 'कामगार' असलेल्याला कामावरून कमी केलं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. राजीनामा दिला की ही 'कपात' उरतच नाही, भरपाई बुडाली. आयटीवाले स्वतःला कामगार समजत नाहीत, तेही कंपन्यांच्या पथ्यावर पडतं. खरं तर कारकुनी आणि तांत्रिक काम करणारे त्या व्याख्येत येतात. व्यवस्थापक येत नाहीत, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगाराचे पर्यवेक्षक येत नाहीत. म्हणून पदाचं नाव 'असिस्टंट मॅनेजर' असलं तरी प्रत्यक्ष काम काय, यावर भांडता येतं. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कारखाने, खाणी आणि मळ्यांत कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा त्यात १०० कामगारांवरून ३०० वर नेली आहे. कपात झालेल्याला नवं काही शिकता यावं म्हणून मालकाने १५ दिवसांचा पगार वेगळ्या निधीत भरायचा, हीही तरतूद आहे. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षं झालेल्याला राजीनामा देऊनही मिळते, ती कोणी रोखत असेल तर सरळ कामगार आयुक्तालय गाठावं.

बेकारी भत्ता म्हणाल तर ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, सरासरी पगाराच्या निम्मे, जास्तीत जास्त ९० दिवस. पण ईएसआयसी २१,००० रुपये पगारापर्यंतच. भाच्यासारखी माणसं त्याच्या वर, आणि सहा महिने घरी बसण्याइतकी वरही नाहीत.

मी त्याला एवढंच म्हटलं, "सही नको करू. काय ते लेखी मागून घे." ताईचं मत वेगळं. "केटी नीट दे," ती म्हणाली. "तिकडे बसलेल्या पोट्ट्याची काय चूक?"

त्यामुळे तो नीट देतोय. परवा घरी आला तेव्हा लॅपटॉपवर ती एक्सेल शीट उघडी होती. पहिल्या पानावर कामाच्या पायऱ्या, बारा ओळींत संपलेल्या. दुसऱ्या पानाचं नाव 'अपवाद', तिथे तो ६३व्या ओळीवर होता: अमक्या पुरवठादाराचं डिसेंबरचं बिल दोनदा येतं, दुसरं पास करू नये. हे तुला कसं कळलं, मी विचारलं. म्हणाला, ओहायोच्या बाईंनी सांगितलं होतं, शेवटच्या दिवशी, कॉल संपल्यावर पुन्हा फोन करून. शीटमध्ये लिहायचं राहिलं होतं म्हणे.